युद्धकाळातल्या लंडनवरची जुनी पुस्तकं जमवायची आहेत, सुरुवात कुठून करू?

वेळणेश्वरी

नमस्कार मंडळी,

माझं माहेर शिरोळचं, सासर रत्नागिरीचं. शिरोळची असल्यामुळे वेणू चितळे हे नाव मला माहीत होतं, पण गेल्या वर्षापर्यंत नावापुरतंच. दुसऱ्या महायुद्धात त्या लंडनला बीबीसीत होत्या, हिंदुस्थानकडे प्रसारण करणाऱ्या ईस्टर्न सर्व्हिसमध्ये लेखक जॉर्ज ऑर्वेलबरोबर काम करत होत्या, इंग्रजी बातम्याही वाचत होत्या. आपल्या गावची एक बाई बॉम्ब पडत असलेल्या शहरात रोज कामावर जात होती, हे वाचल्यापासून ते डोक्यातून जात नाही. त्यांची 'इन ट्रान्झिट' ही कादंबरी १९५० साली आली. ती मी मिळवून वाचली. पण ती पुण्यातल्या एका घराची कहाणी आहे, लंडनची नाही.

मला ते लंडन हवं आहे. लढाया, सेनापती, चर्चिलची भाषणं यांवरची पुस्तकं आमच्या नगर वाचनालयातही मिळतील. मला हवंय ते असं की रात्री भोंगा वाजल्यावर माणसं नक्की काय उचलून तळघरात जायची, सकाळी दूधवाला यायचा का, आणि घर पडलेल्या बाईला दुसऱ्या दिवशी कुठल्या खिडकीपुढे रांग लावायला लागायची. आणि ते शक्यतो त्याच वेळी लिहिलेलं, त्याच वेळी छापलेलं हवं.

मागच्या महिन्यात पुण्यात फूटपाथवर 'फ्रंट लाइन १९४०-४१' नावाचं सरकारी पुस्तक दीडशे रुपयांना मिळालं. पातळ आहे, फोटो भरपूर, लेखकाचं नाव कुठेच नाही. दोन रात्रींत वाचून काढलं. आता असं आणखी हवं आहे.

म्हणून विचारते. पहिली चारपाच पुस्तकं कोणती घ्यावीत? एखादी प्रत खरंच युद्धकाळात छापलेली आहे हे कसं ओळखायचं? आणि आमच्या कोकणातल्या हवेत असली पुस्तकं टिकवायची कशी? पावसाळ्यात आमच्या भिंतींना हात लावला तर हात ओला होतो. घरात दोन मुलांची शिक्षणं चालू आहेत, त्यामुळे फार महाग काही घेता येणार नाही.

---

ताम्हिणी

चांगला विषय. पण आधी विकत घ्यायची घाई कशाला? डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने आपल्याकडच्या जुन्या ग्रंथालयांतली असंख्य इंग्रजी पुस्तकं स्कॅन केली होती, ती आता इंटरनेट आर्काइव्हवर सापडतात. चाळीसच्या दशकातली ब्रिटिश पुस्तकं त्यात भरपूर आहेत. आधी तिथे वाचा, जे परत परत वाचावंसं वाटेल तेच विकत घ्या. पैसेही वाचतील आणि भिंतीची काळजीही.

---

जुनी_पानं

ताई, ताम्हिणी म्हणतात ते खरं आहे आणि मीही तसंच करतो. पण या विषयात कागदी प्रतीतून जे कळतं ते पडद्यावर कळत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. नोकरी लष्करी हिशेब खात्यात झाली, बदल्या छावण्यांच्या गावी होत राहिल्या, आणि तिथल्या रद्दीच्या दुकानांतून हा नाद लागला.

तुम्ही 'त्याच वेळी छापलेलं' म्हणालात, तीच या संग्रहाची खरी किल्ली आहे. माझ्याकडे दोन वेगळे कप्पे आहेत. एकात १९४० ते १९४५ मध्ये छापलेली, दुसऱ्यात त्यानंतरची. पहिल्या कप्प्यातल्या कुठल्याही लेखकाला शेवट माहीत नाही. १९४१ साली लिहिणाऱ्याला जर्मन सैन्य इंग्लिश खाडी ओलांडून येणार की नाही हे ठाऊक नव्हतं, उद्या आपण असू की नाही हेही नव्हतं. १९५९ साली लिहिणाऱ्याला दोन्ही ठाऊक आहे. माणूस कितीही प्रामाणिक असला तरी शेवट कळल्यावर आठवणी त्या शेवटाकडे तोंड करून बसतात.

हा फरक बघायचा असेल तर चेल्सी या एकाच भागावरची दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. पहिलं जॉन स्ट्रेची यांचं 'पोस्ट डी', गोलान्झ प्रकाशनाचं, १९४१. हे गृहस्थ पुढे मजूर पक्षाच्या सरकारात अन्नमंत्री आणि मग युद्धमंत्री झाले, पण या पुस्तकात ते हवाई हल्ल्याच्या वेळी गस्त घालणारे साधे वॉर्डन आहेत. ढिगाऱ्यातून माणूस कसा शोधतात, आवाज येतो का ऐकायला सगळ्यांना गप्प कसं करतात, पडलेल्या घराच्या धुळीला कसला वास येतो, हे सगळं इतकं जवळून लिहिलंय की मध्येच पुस्तक खाली ठेवावं लागतं. दुसरं फ्रान्सिस फॅव्हिएल यांचं 'अ चेल्सी कॉन्चेर्टो', १९५९. बाई चित्रकार, युद्धात रेडक्रॉसच्या स्वयंसेविका. त्यांचं स्वतःचं घर पडलं तेव्हा त्या गरोदर होत्या. पुस्तक आलं त्याच वर्षी त्या गेल्या. अठरा वर्षं मनात राहिलेलं सगळं त्यांनी बांधून, जुळवून लिहिलंय, म्हणूनच ते जास्त सुंदर आहे. 'पोस्ट डी' जास्त उघडं आहे. मला दोन्ही लागतात, पण एकच ठेव म्हणाल तर मी 'पोस्ट डी' ठेवीन. फॅव्हिएलची मूळ आवृत्ती मिळायला फार कठीण, तिच्या मागे लागू नका. २०१६ साली नवीन छपाई झाली आहे, ती घ्या.

त्यानंतर हेन्री नव्हे, हेन्रे. हे नाव लिहून ठेवा, कारण तुम्हाला जे हवंय, दूधवाला, वाणी, कोपऱ्यावरचं दुकान, ते सगळं इथे आहे. मॅडलिन हेन्रे मूळची पॅरिसची, लंडनमध्ये लग्न झालेली. जून १९४० मध्ये जर्मन सैन्य जवळ आलं तेव्हा नॉर्मंडीतलं आपलं शेत सोडून तान्ह्या मुलाला घेऊन ती इंग्लंडला पळाली, आणि मग मेफेअरमधल्या शेफर्ड मार्केटपाशी एका फ्लॅटमध्ये युद्ध संपेपर्यंत राहिली. शेफर्ड मार्केट म्हणजे पिकॅडिलीच्या मागच्या अंगाला चारदोन गल्ल्यांचा छोटा बाजार. त्या गल्ल्यांवर तिची तीन पुस्तकं आहेत: 'अ व्हिलेज इन पिकॅडिली' (१९४२), 'दि इन्क्रेडिबल सिटी' (१९४४) आणि 'द सीज ऑफ लंडन' (१९४६). तिन्ही डेंट प्रकाशनाची. शोधताना एक लक्षात ठेवा. ही पुस्तकं त्या वेळी नवऱ्याच्या, म्हणजे रॉबर्ट हेन्रेच्या नावाने निघाली, नंतर ती 'मिसेस रॉबर्ट हेन्रे' या नावाने लिहू लागली. विक्रेत्यांच्या याद्यांत ती दोन ठिकाणी विखुरलेली असतात, म्हणून दोन्ही नावांनी शोधा.

तिसरा माणूस रिची काल्डर, 'डेली हेरल्ड'चा पत्रकार. युद्धात छापलेलं म्हणजे सगळा सरकारी प्रचार, असं कोणी म्हणालं की मी त्याचं नाव घेतो. सप्टेंबर १९४० मध्ये हल्ले सुरू झाल्यावर तीनच दिवसांत पूर्व लंडनमध्ये कॅनिंग टाउनला एका शाळेवर बॉम्ब पडला. बेघर झालेल्या लोकांना तिथे आणून बसवलं होतं. त्यांना दुसरीकडे हलवायला बस येणार होत्या, त्या वेळेवर आल्याच नाहीत. सरकारी आकडा ७७ मृतांचा, वस्तीतल्या लोकांचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही. काल्डर त्या लोकांमध्ये जाऊन आला होता, आणि त्याने १९४१ सालीच, हल्ले चालू असताना, बेघरांच्या व्यवस्थेतल्या हलगर्जीपणावर कडक लिहिलं. 'कॅरी ऑन लंडन' आणि 'द लेसन ऑफ लंडन' ही त्याची दोन पुस्तकं. तुमच्या त्या खिडकीपुढच्या रांगेचं उत्तर यांत मिळेल. एका कचेरीत कपड्यांचं, दुसरीत रेशनच्या पुस्तकाचं, तिसरीत घराचं, आणि सगळ्या एकमेकींपासून लांब.

आता छपाई कशी ओळखायची. शीर्षकपानाची मागची बाजू बघा. १९४२ च्या सुरुवातीपासून ब्रिटिश प्रकाशकांनी काटकसरीचा करार मान्य केला होता. कागद किती पातळ, अक्षर किती लहान, समास किती अरुंद, पुठ्ठा किती जाड, सगळं त्यात ठरलेलं. तो पाळणाऱ्या पुस्तकावर एक छोटा शिक्का असतो: पुस्तकावर बसलेला सिंह आणि भोवती 'बुक प्रॉडक्शन वॉर इकॉनॉमी स्टँडर्ड' ही अक्षरं. तो दिसला की निम्मं काम झालं, पण युद्धानंतरही काही काळ तो छापला जायचा, म्हणून सालही बघा. १९४० आणि ४१ च्या पुस्तकांवर तो नसणार, तिथे साल बघायचं. 'फर्स्ट पब्लिश्ड' १९४१ आणि खाली 'रिप्रिंटेड' १९४१, १९४१, १९४२ अशी ओळ असेल तर बिचकू नका. मी तर अशी प्रत आवडीने घेतो, कारण ते पुस्तक किती हातोहात गेलं ते त्या ओळीतच कळतं.

कागदाची टंचाई काय होती तेही सांगतो. १९४० मध्ये रेशनिंग सुरू झालं तेव्हा प्रकाशकाला युद्धाआधी लागणाऱ्या कागदाच्या ६० टक्के कागद मिळे, पुढे ते प्रमाण ३७.५ टक्क्यांपर्यंत उतरलं. आणि लोकांना तर वाचायला पुस्तकं जास्त हवी होती. रात्र रात्र तळघरात बसून करणार काय? त्यात २९ डिसेंबर १९४०, रविवारची रात्र. सेंट पॉल कॅथीड्रलच्या शेजारची पॅटरनॉस्टर रो ही गल्ली म्हणजे लंडनच्या पुस्तक व्यवसायाचं काळीज. प्रकाशकांच्या कचेऱ्या, घाऊक विक्रेत्यांच्या वखारी, सगळं तिथे. त्या रात्री आगलाव्या बॉम्बनी ती गल्ली जळाली. सुमारे पन्नास लाख पुस्तकं एका रात्रीत गेली असं सांगतात. कॅथीड्रल वाचलं, त्याचा धुरातला फोटो सगळ्या जगाने पाहिला. वखारीतल्या पुस्तकांचा फोटो कोण काढणार? पुढच्या मे महिन्यात ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयावर बॉम्ब पडून आणखी दोनअडीच लाख गेली. मग रद्दी गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, घराघरांतून पुस्तकं लगद्याला गेली. म्हणून १९४० च्या आधीची आणि ऐन युद्धातली कितीतरी साधी, स्वस्त पुस्तकं आज दुर्मीळ आहेत. महाग म्हणून कोणी जपलेली तेवढी उरली, रोजच्या वापरातली गेली. मी जमवतो ती दुसऱ्या प्रकारची.

पेंग्विन प्रकाशनाच्या स्वस्त पुस्तकांबद्दल एक वेगळी गोष्ट. युद्धकाळातल्या पेंग्विनवर एक सूचना छापलेली सापडते: वाचून झालं की हे पुस्तक पोस्टात नेऊन द्या, म्हणजे सैन्यातल्या स्त्रीपुरुषांना वाचता येईल. त्याच वाटेने गेलेली पुस्तकं पुढे छावण्यांमध्ये, इस्पितळांमध्ये फिरत राहिली. माझ्याकडे अशी एक प्रत आहे, तिच्यावर ही सूचना आहे आणि खाली जांभळ्या शाईत देवळालीचा शिक्का. ती पुस्तकं आपल्या फूटपाथपर्यंत येतात ती बहुधा अशाच कुठल्यातरी वाटेने. म्हणून माझी कळकळीची विनंती, जुने शिक्के, नावं, तारखा खोडू नका, खरवडू नका. आणि पेंग्विनचं नाव निघालंच आहे तर, त्यांच्या पेलिकन मालिकेचे १९३७ मधले पहिल्या संपादकांपैकी एक म्हणजे आपले व्ही. के. कृष्ण मेनन. ते लंडनच्या सेंट पँक्रस भागात नगरसेवक होते, आणि बॉम्बवर्षावात तिथेच वॉर्डन म्हणून गस्तही घालत होते. तुम्ही वेणूबाईंपासून सुरुवात केलीत म्हणून हेही सांगितलं.

शोधायचं कुठे? सरकारी पुस्तकांपासूनच सुरू करा, ती आपल्याकडे मिळतात. 'फ्रंट लाइन' तुमच्याकडे आलंच. तशीच 'द बॅटल ऑफ ब्रिटन' (१९४१) आणि 'ट्रान्सपोर्ट गोज टू वॉर' (१९४२). दुसऱ्यात बस, रेल्वे, ट्राम कशा चालू ठेवल्या ते आहे, आणि युद्ध म्हणजे रोज कामावर जाणं हे त्यातून जेवढं कळतं तेवढं रणगाड्यांच्या पुस्तकातून कळत नाही. पुण्याचा कॅम्प, खडकी, देवळाली, अहमदनगर, बेळगाव, ही जुन्या छावण्यांची गावं. मुंबईत फोर्टातले फूटपाथ आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, तरी जावं. पाचगणी-महाबळेश्वरकडचे जुने बंगले विकले जातात तेव्हा कपाटं रिकामी होतात, तिथल्या रद्दीवाल्याला फोन नंबर देऊन ठेवा. फक्त एक. ज्या प्रतीवर चालू वाचनालयाचा शिक्का आहे आणि ती काढून टाकल्याची कुठलीच खूण नाही, ती घेऊ नका. ती परत त्या वाचनालयात जायला हवी.

'द बुक क्लब' किंवा 'रीडर्स युनियन' अशी नावं असलेल्या प्रती त्या काळच्या सभासदांसाठीच्या स्वस्त आवृत्त्या असतात. पहिल्या आवृत्तीच्या मागे धावणारे त्यांना नाक मुरडतात. तुम्ही खुशाल घ्या. त्या काळी त्या ब्रिटनमधल्या साध्या घरांमध्येच गेल्या आहेत.

---

कागदवैद्य

जुनी_पानं काकांच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी पुस्तकं दुरुस्त करते, त्यामुळे टिकवण्याबद्दल लिहिते.

युद्धकाळातला कागद लाकडाच्या भरड लगद्याचा, आम्लयुक्त. तो पिवळा पडणार, कडांनी कडक होऊन तुटणार. हे थांबवता येत नाही, लांबवता येतं. ऊन आणि दमट हवा या दोन गोष्टींपासून वाचवा. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते, आणि रत्नागिरीत पावसाळ्यात ती त्याच्या खूप वरच असते. म्हणून बाहेरच्या भिंतीला टेकून कपाट ठेवू नका, आतल्या भिंतीला ठेवा आणि मागे वीतभर मोकळी जागा सोडा. लोखंडी कपाट घट्ट बंद करून चार महिने विसरलात तर आत वाफ धरते. त्यापेक्षा ऑगस्टमध्ये उघडीप मिळेल त्या दुपारी दारं उघडून पंखा लावा. झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवलं तरी चालतं, पण पुड्या रंग बदलला की गरम करून परत कोरड्या करायच्या.

पेंग्विन आणि पातळ पुस्तिकांना त्या काळात शिवणीऐवजी लोखंडी पिना मारलेल्या असतात. कोकणात त्या हमखास गंजतात आणि गंज कागद खातो. पिन ओढून काढू नका, कागद सोबत फाटून येईल. मागून तिचे वाकवलेले पाय पातळ पात्याने सरळ करून मग अलगद वर उचलायची आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालायचा. हात बसलेला नसेल तर बाइंडरकडून करून घ्या, पण त्याला आधीच बजावा, कडा कापायच्या नाहीत. आपल्याकडचे बाइंडर सवयीने तीन बाजू छाटतात. युद्धकाळातल्या पुस्तकांचे समास मुळातच अरुंद, छाटलं की अक्षरं जातात.

कसर लागली असेल तर पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही, नाहीतर पाणी धरेल. बुरशी असलेल्या पुस्तकाला आधी कोरडं करायचं, मग मऊ ब्रशने मोकळ्या हवेत झाडायचं, नाकाला रुमाल बांधून. कपाटात वेखंडाची पुरचुंडी ठेवायला हरकत नाही, फक्त पुस्तकाच्या आत पानांमध्ये वेखंड, कडुलिंबाची पानं, मोरपीस असलं काही घालू नका, डाग पडतात. चिकटपट्टी तर कधीही लावू नका. आणि लॅमिनेशन करून देतो म्हणणाऱ्याच्या हातात पुस्तक देऊ नका.

---

स्टेपनीकर

मी पूर्व लंडनमध्ये राहतो, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

काकांचं म्हणणं मला नव्वद टक्के पटतं. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी हा प्रतिसाद. युद्धात छापलेल्या पुस्तकांत काय नाही, हेही बघायला हवं. माझ्या घराजवळ बेथनल ग्रीन स्टेशन आहे. ३ मार्च १९४३ च्या रात्री तिथे आसऱ्याला उतरताना जिन्यात चेंगराचेंगरी होऊन १७३ माणसं गेली, त्यात ६२ मुलं. बॉम्ब एकही पडला नव्हता. जवळच्या व्हिक्टोरिया पार्कात विमानविरोधी रॉकेटं पहिल्यांदाच सुटली, त्या अनोळखी आवाजाने लोक घाबरून धावले, अंधाऱ्या ओल्या पायऱ्यांवर कोणीतरी घसरलं. वर्तमानपत्रांना जागेचं नावही देता आलं नाही, आणि चौकशीचा निष्कर्ष लोकांना १९४५ साली कळला. तसंच व्ही-२ रॉकेटांचं. पहिलं ८ सप्टेंबर १९४४ ला चिझिकमध्ये पडलं, पण सरकार नोव्हेंबरपर्यंत त्याबद्दल काही बोललंच नाही. गॅसची वाहिनी फुटली असं लोकांना सांगत राहिले. त्या वर्षी छापलेल्या पुस्तकांत हे शोधूनही सापडणार नाही. माहिती खात्याच्या नजरेखालून सगळं जात होतं. म्हणून नंतरचा कप्पाही तेवढ्याच मानाने भरा. हेन्रेचं तिसरं पुस्तक १९४६ चं आहे. सेन्सॉर उठल्यानंतरचं आणि तरी आठवण ताजी असतानाचं, म्हणून मला तिघांत तेच जास्त मोलाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट जवळ ठेवा. लंडन काउंटी कौन्सिलच्या वास्तुविभागाने युद्ध चालू असतानाच एकेका घराचं नुकसान नकाशांवर हाताने रंगवलं होतं. पूर्ण नष्ट ते काळं, दुरुस्तीपलीकडचं जांभळं, मग गडद लाल, फिकट लाल, नारिंगी आणि थोडक्यात वाचलेलं पिवळं. व्ही-१ हे उडते बॉम्ब पडले तिथे मोठं वर्तुळ, व्ही-२ साठी लहान. ते नकाशे २०१५ साली पुस्तकरूपाने आले. ग्रंथ जड आणि महाग आहे, पण नकाशांचे भाग ऑनलाइन पाहता येतात. 'पोस्ट डी' वाचताना चेल्सीचा नकाशा समोर ठेवला की वाचन बदलून जातं. स्ट्रेचीने नावं बदलली आहेत, तरी नदीकाठचं ते जुनं चर्च, १९४१ च्या एप्रिलमध्ये एका रात्रीत पडलेलं, नकाशावर लगेच सापडतं.

इथे जुनी पुस्तकं घ्यायची तर ऑक्सफॅमची दुकानं आणि वॉटर्लू पुलाखालचा पुस्तकबाजार. भारतात पाठवायचा टपालखर्च बऱ्याचदा पुस्तकापेक्षा जास्त होतो. मी दिवाळीला येतोय, तुमची यादी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बॅगेत दोनतीन पुस्तकं सहज मावतील.

---

वेळणेश्वरी

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. कपाट आजच आतल्या भिंतीला सरकवलं. कागदवैद्य ताई, 'फ्रंट लाइन'च्या पिना बघितल्या, एक गंजायला लागली आहे. गुरुवारी बाइंडरकडे जाते, कडा न कापण्याचं चिठ्ठीवर लिहून देणार आहे.

स्टेपनीकर, यादी व्यनि केली आहे. फार संकोच वाटला, पण केली.

जुनी_पानं काका, एक शंका. एका विक्रेत्याकडे 'अ व्हिलेज इन पिकॅडिली'च्या दोन प्रती दिसताहेत. एक १९४२ ची, जॅकेट (वरचं सुटं कागदी वेष्टण) नाही, पाठीचं कापड उडालेलं, आतल्या कोऱ्या पानावर कोणाचं तरी नाव आणि 'क्रिसमस १९४३' असं लिहिलेलं. दुसरी नंतरच्या छपाईची, जॅकेटसकट, एकदम स्वच्छ, किंमत अडीचपट. विक्रेता म्हणतो दुसरी घ्या, पहिली खराब आहे. काय करू?

आणि एक विचारायचं राहिलं. वेणू चितळेंच्या त्या वर्षांबद्दल, बीबीसीतल्या आपल्या लोकांबद्दल, त्याच वेळी छापलेलं काही आहे का?

---

जुनी_पानं

पहिली घ्या, आजच पैसे पाठवा. जॅकेटमुळे किंमत वाढते, वाचनात त्याने काही फरक पडत नाही. १९४३ च्या नाताळात हे पुस्तक कोणीतरी कोणालातरी भेट दिलंय. तेव्हा कागद तुटपुंजा होता, नवं पुस्तक मिळणं हीच मोठी गोष्ट होती. ते नाव असलेलं पान जागेवर आहे ना, एवढं विक्रेत्याकडून फोटो मागवून खात्री करा. चित्रपानं असतील तर त्यांची यादी पुढे छापलेली असते, तिच्याशी एकेक पान ताडून घ्या. लोक चित्रं फाडून फ्रेम करतात आणि उरलेलं पुस्तक विकतात. पाठीचं कापड कागदवैद्य ताई सांगतील तसं नंतर बसवता येईल.

वेणूबाईंच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे. 'टॉकिंग टू इंडिया', संपादक जॉर्ज ऑर्वेल, अॅलन अँड अनविन, १९४३. ईस्टर्न सर्व्हिसवरून हिंदुस्थानसाठी झालेल्या इंग्रजी भाषणांतली निवडक त्यात आहेत. वेणूबाईंच्या खोलीच्या पलीकडे काय बोललं जात होतं ते त्यात ऐकू येतं. मूळ प्रत सहज मिळत नाही, म्हणून हे एक स्टेपनीकरांच्या यादीत सगळ्यात वर टाका. आणि लेखक मुल्कराज आनंद तेव्हा लंडनमध्येच होते, त्याच सर्व्हिसवर बोलत होते. त्यांचं 'लेटर्स ऑन इंडिया' १९४२ चं आहे. विषय लंडन नाही, आपलं स्वातंत्र्य आहे, पण बॉम्ब पडत असलेल्या शहरात बसून हिंदुस्थानी माणूस इंग्रज वाचकाशी काय बोलत होता ते त्यात आहे. माझ्याकडे त्याची एक जादा प्रत आहे, कडा कडक झाल्यात पण पानं पूर्ण आहेत. पत्ता व्यनि करा, सोमवारी पोस्टाने पाठवतो.